प्रयोग म्हणजे टाइमपास? थांबा की जरा

सोलापूरच्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज लई फिरतोय. प्राथमिक शाळेत प्रयोग-बियोग म्हणजे टाइमपास, आधी वाचन आणि पाढे पक्के करा, प्रयोगाला लॅब लागते, पैसा लागतो, वर्गात गोंधळ होतो, आणि "परदेशात सिद्ध झालंय" की स्वतः करून बघण्यापेक्षा फळ्यावर शिकवलेलं पोरांना जास्त कळतं. सहमत असाल तर पुढे पाठवा म्हणे. मी नाही पाठवला.

लॅबचं आधी घेऊ. तिसरी-चौथीला लॅब कशाला पाहिजे ओ? आपल्याकडं टॉवेलला काय तोटा! एक जुना धुऊन मऊ झालेला, एक कोरा करकरीत आणि एक चादरीचा तुकडा घ्या, तिन्हीच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापा, दोरीला टांगा, खालची टोकं शाईच्या पाण्यात बुडवा आणि दहा मिनिटांनी पाणी किती वर चढलं ते फूटपट्टीनं मोजा. कुठला जिंकणार विचारलं की पोरं नव्याचं नाव घेतात, आणि कोरा बहुतेक वेळा मागं पडतो, कारण त्याच्यावर खळ नाहीतर सॉफ्टनरचा थर असतो, तो दोन-चार धुण्यांत गेल्याशिवाय धागा पाणी नीट ओढत नाही. तेवढ्यात कोणतरी ओरडतंच, "ए, तुझी पट्टी जास्त बुडालीय बे, चीटिंग!" हेच तर पाहिजे होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं, हे पोरगं भांडता भांडता शिकतंय.

आता वाचन आणि पाढे. पाणी मोजलं, तक्ता केला, वजाबाकी केली, खाली दोन ओळी लिहिल्या, हे गणित-भाषा नाही तर काय आहे? सोलापूरच्या पूर्व भागात कित्येक पोरांच्या घरी तेलुगू चालते, त्यांना मराठीत "निरीक्षण लिहा" म्हटलं की पेन अडतं, पण स्वतःचा टॉवेल हरला असला की का हरला ते लिहायला त्यांच्याकडं काहीतरी असतं.

पैशाचं म्हणाल तर काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, बास. ट्यूबच्या तुकड्यांत काड्यांची टोकं खुपसून चौकोन-त्रिकोण जोडायचे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान-खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी हा खेळ देशभर नेला. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही, मग पत्र्याच्या शेडचं छप्पर पेलणाऱ्या कैच्या बघा आणि विजेचा टॉवर बघा, सगळीकडं त्रिकोण. मध्य प्रदेशात होशंगाबादला 1972 पासून सरकारी शाळांत स्वस्त सामानावर विज्ञान शिकवलं गेलं, ती पोरं सहावी ते आठवीची होती हे खरं, पण खर्चाचा बाऊ तेव्हाच निकालात निघाला होता.

सिद्ध झालंय वाली गोष्ट मात्र अर्धी सांगितलीय. क्लार आणि निगम या अमेरिकेतल्या संशोधकांचा 2004 चा अभ्यास आहे, तिसरी-चौथीच्याच पोरांवर, उतरत्या फळीवरून बॉल सोडायचा. "तुमचं तुम्ही शोधा" म्हणून सोडलेल्यांपेक्षा तुलना कशी करायची हे नीट समजावून दिलेली पोरं पुढं गेली, बरोबर. पण सामान दोन्ही गटांनी हाताळलं होतं! हरला तो सरांनी गप्प बसून बघत राहण्याचा प्रकार, प्रयोग नाही. फळ्यावर त्या उताराचं चित्र काढून कोणी जिंकलं नव्हतं. आणि तेवढ्यापुरता मेसेज खराच आहे, सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी रात्री बारापर्यंत आईनंच करायचा आणि सकाळी पोरानं नुसता उचलून न्यायचा, असल्या प्रोजेक्टला माझाही विरोधच आहे.

गोंधळ? होतो. चार-चारचे गट करा, कात्री सरांकडंच ठेवा, आधी अंदाज वहीत लिहून घ्या मगच पाणी द्या, तरी आवाज होणारच आणि फरशी ओली होणारच. पट्ट्या मग उन्हात टाका, एक सपाट, एक घडी घालून, आणि कुठली आधी वाळते त्याचाही अंदाज लिहून घ्या.