गारा फोडणारी तोफ आणि अर्धवट विज्ञान

निफाड-पिंपळगावकडच्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. अँटी हेल गन (गारा थांबवायची तोफ) लावा, अ‍ॅसिटिलीन गॅसचा बार उडतो, शॉक वेव्ह (म्हणजे स्फोटातून निघणारा हवेच्या दाबाचा जोरदार धक्का) आवाजाच्या वेगाने ढगात जाते, गरम-थंड हवेचे थर घुसळून टाकते आणि गार बनतच नाही, आणि पुढे ठसक्यात, "शॉक वेव्हने वेगवेगळ्या घनतेचे वायू मिसळतात हे सायन्सने सिद्ध झालंय, तारे फुटतात तेव्हाही हेच होतं." मामांनी तो मला पाठवून खाली लिहिलं, "भाचेबुवा, तुम्ही फिजिक्सवाले ना, बघा जरा, आम्ही पाच जण मिळून घ्यायचं म्हणतोय." तर मामा, हे तुमच्यासाठी, आणि ग्रुपवर टाकलं तरी चालेल.

आधी "सायन्सने सिद्ध" वालं घेऊ, कारण ते खरंच आहे आणि म्हणूनच माणूस फसतो. रिक्टमायर नावाच्या माणसाने 1960 मध्ये हे कागदावर मांडलं आणि 1969 मध्ये रशियात मेश्कोव्हने प्रयोग करून दाखवलं. एक लांब नळी, त्यात दोन वेगळे वायू, मध्ये एकदम पातळ पडदा, पडद्याला मुद्दाम लाटेसारखा आकार दिलेला, आणि एका टोकाकडून शॉक वेव्ह सोडायची. पण ती रवीसारखी घुसळते वगैरे काही नाही. हातगाडी दोन्ही हातांनी सारखीच ढकलली आणि एक चाक चिखलात असलं तर गाडी सरळ न जाता गर्रकन वळते ना, तसं. दाबाचा धक्का सारखाच, पण हलका वायू पटकन पळतो, जड मागे रेंगाळतो, आणि जिथे दोन वायूंमधली सीमा तिरकी असेल तिथे भोवरा तयार होतो. सीमा एकदम सपाट आणि धक्का बरोबर समोरून आला तर भोवरा नाही, म्हणजे मिसळणंही जवळपास नाही. शॉक वेव्ह तर क्षणात पुढे निघून जाते, मिसळायचं काम तिने मागे ठेवलेले भोवरे नंतर सावकाश करतात. शॉक वेव्ह हलक्यातून जडात शिरली तर सीमेवरचे उंचवटे लगेच वाढायला लागतात, जडातून हलक्यात शिरली तर आधी सपाट होतात आणि मग उलटे होऊन वाढतात, मला तर हे भारी वाटतं, पण असो, मुद्दा द्राक्षांचा आहे.

हे उंचवटे किती वेगाने वाढणार हे सीमेवरची लाट किती उंच आणि किती दाट, दोन्हीकडच्या घनतेत फरक किती, आणि धक्क्याने वायूला वेग किती मिळाला यावर ठरतं, आणि ही बेरीज नाही तर गुणाकार आहे. एक आकडा शून्याजवळ गेला की उत्तर शून्याजवळ. लॅबमध्ये हवेसोबत सल्फर हेक्साफ्लोराइड नावाचा वायू वापरतात, ते हवेच्या पाचपट जड. ढगात 10 अंशांचा फरक धरला तरी घनतेत फरक पडतो तीन-चार टक्के, तोही हळूहळू बदलत जाणारा, रेघ मारल्यासारखी सीमा नसतेच.

आता "शॉक वेव्ह ढगात जाते". नाही जात. तोफेच्या तोंडाशी ती शॉक वेव्ह असते, पण वर जाताना पसरते आणि थोड्याच अंतरात तिचा साधा आवाज होतो. समजा वर कानठळ्या बसतील असा 120 डेसिबलचा आवाज पोचला (पोचत नाही, पण मामांसाठी धरू), तरी त्याने हवा हलते सेकंदाला 5 सेंटीमीटरच्या आसपास, आणि पुढे ढकलली की लगेच मागे ओढली जाते, म्हणजे हाती काहीच नाही. त्याच गारेच्या ढगात वर चढणारी हवा सेकंदाला 20-30 मीटरने धावत असते. ढग आधीच आतून खदखदतोय, त्याला आपण काय घुसळणार? आणि वीज कडाडते ती तर ढगातच, कुठल्याही तोफेपेक्षा दांडगी. आवाजाने गारा थांबत असत्या तर विजा कडाडताना गार पडलीच नसती.

"तारे फुटतात तेव्हा" याचं उत्तर एवढंच की तिथे अख्खा तारा फुटतो, इथे एक सिलिंडर.

बरं हे नवीन तरी आहे का? 1896 मध्ये ऑस्ट्रियात अल्बर्ट स्टिगर नावाच्या माणसाने अशाच तोफा लावल्या, आणि गंमत म्हणजे तोही आपल्यासारखा द्राक्षवालाच. पुढे इटलीतही फॅड पसरलं, मग सरकारांनी चाचण्या घेतल्या, तोफा असलेल्या भागातही गारा पडल्या आणि 1905 पर्यंत सगळं थंडावलं. जागतिक हवामान संघटनाही म्हणते की या तोफांना शास्त्रीय आधार नाही.

राहिलं त्या मेसेजमधलं शेवटचं, "हिमाचलात सफरचंदवाल्यांनी लावल्यात आणि त्यांना फरक जाणवतो." लावल्यात, बरोबर. पण गारपीट पट्ट्यापट्ट्याने पडते हे तुम्हाला मी सांगायला नको, 2014 ला एकाची बाग झोपली आणि बांधापलीकडच्याचे घड जसेच्या तसे, हे तुम्हीच सांगत होता ना? तेव्हा त्या पलीकडच्याकडे तोफ होती का? पाच जणांत पैसे काढायचेच असतील तर आधी गारांच्या जाळीचं आणि प्लास्टिक कव्हरचं कोटेशन मागवा. रविवारी येतोय मी, तो तोफवाला येणार असेल तर त्यालाही थांबवून ठेवा.