चाळणीतून गळलेले विजेते

एप्रिल उजाडला की आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. पाठवणारा लंडनचा मावसभाऊ. तिकडे पैज लावणं कायदेशीर, बुकीची दुकानं भर बाजारात. मेसेजचा मथळा: 'मास्टर्सचा विजेता आकडे आधीच सांगतात!' मास्टर्स म्हणजे अमेरिकेत ऑगस्टाच्या मैदानावर दर एप्रिलला होणारी गोल्फची मोठी स्पर्धा. खाली कृती दिलेली असते. ऑगस्टाला पहिल्यांदा खेळणारे काढून टाका. जागतिक क्रमवारीत तिसाच्या खालचे काढा. चाळिशी ओलांडलेले काढा. लांब न मारणारे काढा. बुधवारची पार-थ्री स्पर्धा, म्हणजे मास्टर्सच्या आदल्या दिवशी आखूड होलवर होणारी हलकीफुलकी स्पर्धा, जिंकणारा काढा. उरलेल्यांत 'स्ट्रोक्स गेन्ड'मध्ये जे वर असतील त्या पाच-सहा जणांवर पैसे लावा, नफा नक्की. आणि शेवटी ठळक अक्षरांत: हा सट्टा नव्हे, हा अभ्यास आहे.

मी गोल्फ खेळत नाही. बघतो मात्र नेमाने. मास्टर्सची शेवटची फेरी आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेचारच्या सुमारास संपते, त्यामुळे त्या सोमवारी ऑफिसात माझा काही उपयोग नसतो. पोट आकडेवारीवर भरतं, म्हणून हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही. एकेक मुद्दा घेतो.

'स्ट्रोक्स गेन्ड खोटं बोलत नाही.'

हे खरंच आहे, आणि मेसेजमधली सगळ्यात भक्कम गोष्टही हीच. कोलंबिया विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी ही पद्धत उभी केली आणि पीजीए टूरने (अमेरिकेतली व्यावसायिक गोल्फ स्पर्धांची मालिका) 2011 पासून पटिंगसाठी, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरून, ग्रीनवरून, चेंडू होलकडे ढकलायच्या फटक्यांसाठी, ती अधिकृतपणे वापरायला घेतली. कल्पना साधी आहे. आठ फुटांवरून टूरचे खेळाडू साधारण निम्म्या वेळा चेंडू होलमध्ये घालतात, म्हणजे तिथून सरासरी दीड फटका लागतो. तुम्ही एकात घातलात, तर अर्धा फटका कमावलात. दोन लागले, तर अर्धा गमावलात. असा प्रत्येक फटक्याचा हिशेब मांडला की कोण कशात सरस आहे ते दिसतं. पूर्वी नुसते 'एकूण पट किती' मोजायचे. त्यात ज्याचा चेंडू मुळात होलच्या जवळ पडला त्याचंही श्रेय पटिंगला जायचं. तो घोळ या पद्धतीने संपवला.

आता याच ब्रॉडींचे दोन आकडे शेजारी ठेवा. टूरवरचे अव्वल खेळाडू वर्षानुवर्षं इतरांच्या पुढे राहतात, त्यात पटिंगचा वाटा अवघा 15 टक्के. सर्वांत मोठा, 40 टक्के, ग्रीनकडे मारलेल्या फटक्यांचा, म्हणजे अप्रोचचा. म्हणूनच मेसेजवाला 'अप्रोच बघा, अप्रोच बघा' म्हणत असतो. पण ज्या आठवड्यात खेळाडू जिंकतो, त्या आठवड्याच्या आघाडीत पटिंगचा वाटा वाढून 35 टक्क्यांच्या आसपास जातो. सोप्या मराठीत: चांगला खेळाडू कोण हे अप्रोच सांगतो, पण या रविवारी कोण जिंकणार यात पटर (पट मारायची काठी) एकदम मोठा भागीदार होऊन बसतो. आणि पटिंग हीच गोष्ट एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात सगळ्यात कमी टिकते. मागच्या महिन्यात लागलेले लांब पट पुढच्या महिन्यात लागतील याची हमी कोणताही तक्ता देत नाही. म्हणजे सगळ्यात भरवशाचा आकडा घेऊन आपण सगळ्यात बेभरवशाच्या गोष्टीवर पैसे लावतोय.

शिवाय हे आकडे मुख्यतः पीजीए टूरच्या स्पर्धांतून जमतात. 2022 मध्ये लिव्ह गोल्फ ही प्रतिस्पर्धी मालिका सुरू झाली आणि बरेच नामवंत तिकडे गेले. त्यांचे ताजे आकडे त्या तक्त्यातून गळाले. 2023 च्या मास्टर्समध्ये जॉन राम जिंकला. त्याच्यामागे संयुक्त दुसरे कोण? ब्रूक्स केप्का आणि फिल मिकलसन. दोघेही तेव्हा लिव्हचे. मिकलसन 52 वर्षांचा होता आणि त्याने शेवटच्या दिवसाची फेरी 65 फटक्यांत संपवली. मेसेजच्या चाळणीत तो वयापाशीच अडकला असता.

'चाळण्या कधी चुकल्या नाहीत.'

आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये आरशाशेजारी मटक्याचा चार्ट चिकटवलेला असायचा. त्यावर लाल पेनाने गोल केलेले. दाढीला साबण लावलेल्या अवस्थेत गिऱ्हाईक मान वळवून सांगायचं, 'बघा, मंगळवारी पंजा आला की गुरुवारी छक्का येतोच.' आलेल्या आकड्यांवर गोल करायला अक्कल लागत नाही. मास्टर्सच्या चाळण्यांची जातकुळी हीच आहे, फक्त पेन महाग आहे.

पदार्पणवाली चाळणी घ्या. 1979 मध्ये फझी झेलर पहिल्याच मास्टर्समध्ये जिंकला, त्यानंतर कुणी नाही. हे खरं आहे. पण जेसन डे 2011 मध्ये पहिल्याच खेपेला संयुक्त दुसरा आला. 2014 मध्ये जॉर्डन स्पीथ तसाच. 2020 मध्ये सुंगजे इम तसाच. 2021 मध्ये विल झालाटोरिस दुसरा, तोही फक्त एका फटक्याने. 2024 मध्ये लुडविग ओबेरी दुसरा. झालाटोरिसचे दोन पट आणखी लागले असते, तर हा 'नियम' त्याच संध्याकाळी मेला असता. दोन पटांवर ज्याचा जीव आहे, त्याला नियम काय म्हणायचं?

क्रमवारीची चाळणी तर उघडच फाटकी आहे. 2007 चा विजेता झॅक जॉन्सन त्या वेळी 56 वा होता, 2009 चा आंखेल काब्रेरा 69 वा.

हा झॅक जॉन्सन लांबीच्या चाळणीचंही उत्तर आहे, आणि मला तो या सगळ्या यादीत सर्वांत आवडतो. ऑगस्टा म्हणजे लांब मारणाऱ्यांचं मैदान असं सगळे म्हणतात, कारण तिथल्या चार पार-फाइव्ह होलवर (पार म्हणजे होलसाठी ठरलेले फटके, इथे पाच) लांब मारणारे दोन फटक्यांत ग्रीन गाठतात. झॅक लांब मारणारा नव्हे. त्याने ठरवलं की दोनात गाठायचा प्रयत्नच करायचा नाही. चार दिवस, रोज चार होल, सोळाच्या सोळा वेळा त्याने चेंडू ग्रीनच्या अलीकडे ठेवला आणि तिसरा फटका हातातल्या वेजने (जवळच्या फटक्यांच्या काठीने) होलजवळ टाकला. त्या सोळा होलवर तो एकूण 11 अंडर, म्हणजे पारपेक्षा 11 फटके कमी होता. त्या वर्षी थंडी होती, वारा होता, ग्रीन दगडासारखे कडक झाले होते; एकूण 289, म्हणजे पारपेक्षा एक जास्त, आणि तरी जिंकला. मास्टर्सच्या इतिहासात विजेत्याचा याहून वाईट स्कोअर नाही. हवामान बदललं की कोणता गुण महाग आणि कोणता स्वस्त हेच बदलतं, आणि पैज तर लोक त्याआधीच लावून बसलेले असतात.

चाळिशीबद्दल फार बोलायला नको. 2019 मध्ये टायगर वुड्स 43 व्या वर्षी जिंकला. 2025 मध्ये 44 वर्षांचा जस्टिन रोझ प्लेऑफपर्यंत, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा होलपर्यंत गेला.

राहिला बुधवारचा 'शाप'. 1960 पासून पार-थ्री स्पर्धा होते आणि ती जिंकणारा त्याच वर्षी मास्टर्स कधीच जिंकलेला नाही. वाचायला मस्त वाटतं. पण सुमारे नव्वद खेळाडू असतात. प्रत्येकाची संधी सारखी धरली, तर साठेक वर्षांत असा योग एकदाही न येण्याची शक्यता जवळपास निम्मी निघते. नाणं उडवून छापा आला तर त्याला कुणी शाप म्हणत नाही. वर ती स्पर्धा म्हणजे पोराबाळांची जत्रा. चार वर्षांची पोरं कॅडीचा (खेळाडूची बॅग वाहणाऱ्याचा) पांढरा डगला घालून बापाचा पट स्वतः मारतात, आणि तसं केलं की बापाचा स्कोअर बाद. निम्म्या दिग्गजांना जिंकायचंच नसतं.

'आकडे सगळं टिपतात.'

2016. स्पीथ रविवारी नऊ होल संपवून पाच फटक्यांनी पुढे. दहाव्यावर बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त), अकराव्यावर बोगी, आणि मग बारावा: 155 यार्डांचा, मैदानातला सर्वांत आखूड होल, पुढे रेज क्रीक नावाचा ओढा, वर गोल गोल फिरणारा वारा. पहिला चेंडू ओढ्यात. दंड घेऊन पुन्हा मारला, तोही ओढ्यात. तीनच्या होलवर सात. तीन होलांत पारपेक्षा सहा फटके जादा गेले.

आणि त्या दिवशी जिंकला कोण? डॅनी विलेट, ज्याच्या बायकोची प्रसूतीची तारीख नेमकी त्याच रविवारची होती. बाळ आधी झालं नाही तर मी येणार नाही, असं तो सांगून बसला होता. बाळ 30 मार्चला झालं. विलेट ऑगस्टाला पोहोचला तो 89 खेळाडूंत शेवटचा. कॅडीच्या डगल्यावर आकडाही 89. बाळ दहा दिवस उशिरा आलं असतं, तर विजेत्याचा हिरवा कोट दुसऱ्या कुणाच्या अंगावर असता. स्ट्रोक्स गेन्डच्या कोणत्या रकान्यात हे बसवायचं, ते मेसेजवाल्याने सांगावं.

2025 चा रोरी मॅकिलरॉय घ्या. त्या आठवड्यात चार डबल बोगी (पारपेक्षा दोन जास्त) करूनही तो जिंकला. असा दुसरा विजेता मास्टर्सने पाहिलेला नाही. रविवारी तेराव्या होलवर हातात वेज असताना, जिथून टूरचा कुठलाही खेळाडू झोपेतही चेंडू ग्रीनवर ठेवेल, तिथून त्याने तो ओढ्यात घातला. अठराव्यावर पाच फुटांचा पट चुकवला. आणि प्लेऑफच्या पहिल्याच होलवर बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक कमी. पहाटे पावणेपाचला मी हातातला चहा थंड करून बसलो होतो. आकड्यांनी त्याला दावेदार म्हटलं होतं हे कबूल. पण जे घडलं, ते आकड्यांनी सांगितलं होतं असं म्हणणं म्हणजे पाऊस पडून गेल्यावर पंचांग उघडणं.

'योग्य खेळाडू निवडला की नफा नक्की.'

खरी चूक इथे आहे. वरचं सगळं एक वेळ सोडून द्या. कोण जिंकेल हा पैज लावणाऱ्याचा प्रश्नच नसतो. त्याचा प्रश्न असतो, भाव बरोबर आहे का?

2024 मध्ये स्कॉटी शेफलरचा भाव साधारण एकाला चार होता, एक लावला तर जिंकल्यावर वर चार. म्हणजे बुकीच्या मते शक्यता पाचात एक, 20 टक्के. तुमचा अभ्यास 25 टक्के म्हणत असेल, तर भाव स्वस्त. 15 टक्के म्हणत असेल, तर तो जिंकला तरी तुम्ही चढ्या भावाने माल घेतलात. त्या वर्षी तो जिंकला आणि मेसेजवाल्यांची कॉलर ताठ झाली. पुढच्या वर्षी पुन्हा सगळ्यांचा लाडका म्हणून उतरला, चौथा आला. आणि ज्या आकड्यांवरून तुम्ही शेफलर शोधला, ते आकडे बुकीने तुमच्या आधी बघितलेत. त्याच्याकडे त्यासाठी पगारी माणसं आहेत.

त्यात बुकीचा काटा. समजा तिघेच खेळतायत, तिघेही तुल्यबळ. खरा भाव एकाला दोन. बुकी देतो एकाला दीड. तिघांवर शंभर-शंभर लावा: 300 गेले, कुणीही जिंकला तरी 250 आले. मास्टर्समध्ये तिघांच्या जागी नव्वद असतात, आणि त्यात आयुष्यभराचं आमंत्रण असलेले वयस्कर माजी विजेतेही, ज्यांची शक्यता जवळपास शून्य असूनही भाव लावलेला असतो. सगळ्या भावांचे टक्के काढून बेरीज करून बघा. शंभरावर जितकं जाईल तितका बुकीचा काटा.

'जिंकणारा नको, पहिल्या वीसात येणारा घ्या, ते सुरक्षित,' हा मेसेजमधला उपमुद्दा मावसभावाने एकदा अंमलात आणला. दहा पौंड, एकाला तीन. खेळाडू संयुक्त अठरावा आला. भावाने चाळीस पौंड मोजून ठेवले. खात्यात आले वीस. अठराव्या स्थानावर सहा जण होते आणि वीसपर्यंत जागा तीनच. अशा वेळी तुमचे पैसे त्याच प्रमाणात कापून, निम्मेच जिंकले असं धरतात: पाच पौंडांवर पंधरा, अधिक ते पाच. उरलेले पाच बुडाले. नियम ॲपवर लिहिलेला होता. त्याने वाचला नव्हता. गोल्फमध्ये बरोबरीत असे घोळके नेहमीचेच, त्यामुळे ही कात्री नेहमीचीच.

'2019 मध्ये एकाने टायगरवर दहा लाख डॉलर कमावले.'

कमावले खरे, दहा लाखांहून जास्तच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या एका माणसाने 85,000 डॉलर एकाला चौदाने लावले आणि 11 लाख 90 हजार डॉलर जिंकले. पण त्याने कुठलीही चाळणी लावली नव्हती. खेळावर आयुष्यात लावलेली पहिलीच पैज, आणि टायगर जिंकणार असं त्याला वाटत होतं, बस. त्यानंतर त्याने त्याच वर्षी टायगर चारही मेजर (गोल्फच्या वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकणार म्हणून एक लाख डॉलर लावले. मे महिन्यात टायगर पीजीए चॅम्पियनशिपमध्ये (त्या चारांतलीच एक) कटही, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांनंतरची छाटणीही, पार करू शकला नाही. हा दुसरा भाग मेसेजमध्ये कधी येत नाही.

'हा सट्टा नव्हे, हा अभ्यास आहे.'

लंडनच्या भावाला हे म्हणायची गरजच नाही, तिथे सट्टा राजरोस चालतो. खुद्द ऑगस्टा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियात मात्र 2025 पर्यंत तरी खेळांवरची पैज कायदेशीर नव्हती. इथे पुण्या-मुंबईत बसून तो मेसेज पुढे ढकलणाऱ्यांसाठी: ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैशांच्या ऑनलाइन खेळांत कौशल्य की नशीब असा भेदच ठेवत नाही. शिक्षा चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांची ने-आण करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. पण खेळणाऱ्याने फार खूश होऊ नये. 1872 च्या करार कायद्याचं कलम 30 सांगतं की पैजेचा करारच रद्दबातल, आणि जिंकलेल्या पैशांसाठी दावा लावता येत नाही. त्यात घोड्यांच्या शर्यतीच्या बक्षिसांपुरता एक छोटा अपवाद आहे. गोल्फचा नाही. तेव्हा सगळ्या चाळण्या बरोबर निघाल्या, तुमचा माणूस हिरवा कोट घालून उभा राहिला आणि परदेशातल्या त्या ॲपने तुमचं खातं गोठवलं, तर तुमच्या हातात उरतो तो हा मेसेज.