पावसाळी ढाबळ: दर महिन्याच्या 'पाच दिवस डॉक्सी' संदेशाला उत्तर

जून लागला की ठाणे, कळवा, मुंब्र्यापासून ऐरोली-घणसोलीपर्यंतच्या कबूतरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो. मजकूर थोडक्यात असा: "पावसाळ्यात होमर (घरी परतणारी, शर्यतीची कबुतरं) निरोगी ठेवायचे तर ढाबळ (कबुतरांचं घर) चारही बाजूंनी ताडपत्रीने बंद करा, रोज फिनाईल टाकून धुवा, दर महिन्याचे पहिले पाच दिवस सगळ्यांना पाण्यातून डॉक्सीसायक्लिन (डॉक्सी, एक प्रतिजैविक) द्या, दोन महिन्यांनी जनावरांची जंताची गोळी द्या, रानीखेतसाठी लसूण-हळद पुरे." हे पाचही सल्ले चुकीचे आहेत. ते पाळल्याने पक्षी मरू शकतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"ढाबळ चारही बाजूंनी बंद करा."

पाऊस आत येऊ नये हे खरं, पण ताडपत्री बांधली की पावसाबरोबर हवाही अडते. बंद ढाबळीत पक्ष्यांच्या श्वासातली वाफ आणि ओल्या विष्ठेतला अमोनिया आतच साचतो. अमोनियाने श्वासनलिकेचं अस्तर दुखावतं आणि एरवी जे जंतू पक्षी सहज झटकून टाकतो तेच तिथे घर करतात. एका डोळ्यातून पाणी, पांढऱ्याऐवजी करडी दिसणारी नाकपुडी, रात्री घरघर ही त्याचीच लक्षणं. याला 'हवा लागली' म्हणतात, प्रत्यक्षात हवा लागलेलीच नसते.

आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून झोडपतो. त्या दोन बाजू पत्र्याने किंवा प्लायने पक्क्या बंद करा, पूर्वेची बाजू जाळीची ठेवा आणि तिच्यावर छप्पर किमान दोन फूट पुढे काढा. हवा आत येण्याची फट जमिनीपासून वीतभर उंचीवर हवी, बाहेर पडण्याची फट छपराच्या सर्वांत उंच भागाखाली. वरच्या फटीचं क्षेत्रफळ खालच्यापेक्षा कमी असता कामा नये. बैठका (पक्षी बसतात त्या पट्ट्या) या दोन्ही फटींच्या थेट रेषेत नकोत, नाहीतर झोपलेल्या पक्ष्यावर रात्रभर झोत बसतो. गच्चीवरच्या ढाबळीत नुसता पत्रा असेल तर पहाटे त्याच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि टपकतं. पत्र्याखाली दोन इंच जागा सोडून प्लाय लावला की हा त्रास बराच कमी होतो.

तपासायला अगरबत्ती पुरते. संध्याकाळी बैठकीच्या उंचीवर पेटवून धरा. धूर सावकाश वर जाऊन निघून गेला तर ठीक, आडवा पळाला तर झोत आहे, जागच्या जागी घुटमळला तर हवा कोंडलेली आहे. युरोपातल्या पुस्तकी सल्ल्यानुसार आर्द्रता ६५ टक्क्यांवर आणण्याच्या मागे लागू नका. जुलैत ठाण्यात बाहेरचीच आर्द्रता ८५-९० टक्के असते. आपल्या हातात आहे ती हलती हवा आणि कोरडी फळी.

गर्दी हेही त्यातच आलं. ढोबळ मानाने एका घनमीटरला दोन-तीन पक्षी. ८ फूट लांब, ६ फूट रुंद, ७ फूट उंच खोलीत पंचविसाच्या आसपास. चाळीस कोंबले तर कुठलीही फट कामाला येणार नाही.

"रोज फिनाईल टाकून धुवा."

पावसाळ्यात हा सल्ला सगळ्यात महाग पडतो. कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीचा बीजकोश विष्ठेतून पडतो तेव्हा लागण करण्याच्या स्थितीत नसतो. त्याला ऊब, हवा आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत तो पिकतो. गोलकृमीच्या अंड्यालाही ओल लागते, वेळ मात्र दोनेक आठवडे. म्हणजे रोज पाणी ओतून आपण या दोघांना हवं तेच पुरवतो, कारण जुलैत फळी दिवसभरात वाळतच नाही. फिनाईलने बीजकोश मरत नाही आणि विष्ठेच्या थरावर तर त्याचा जोरच उतरतो. वर त्याची वाफ पक्ष्यांच्या फुप्फुसात जाते.

काम कोरडं करा. रोज सकाळी पुट्टीपट्टीने बैठका आणि फळ्या खरवडा. बीजकोश पिकायच्या आत विष्ठा बाहेर गेली की साखळी तुटते. जमिनीवर एक इंच चौकटीची वेल्ड मेश सहा इंच उचलून बसवली तर पक्षी विष्ठेत चालतच नाही. पाण्याची भांडी जाळीच्या बाहेर, सांडलेलं पाणी आत येणार नाही अशी टांगा. धुणं-पुसणं मे महिन्यात आणि पाऊस ओसरल्यावर: आधी खरवडायचं, मग धुवायचं, मग उन्हात पूर्ण वाळवायचं. सिमेंटच्या जमिनीवर आणि लोखंडी जाळीवर पक्षी बाहेर काढून ब्लो लॅम्प फिरवला तर बीजकोशही मरतात. खरवडताना एन-९५ मास्क घाला. विष्ठेच्या आणि पिसांच्या भुकटीने होणारा फुप्फुसांचा आजार वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो आणि झालेली हानी नेहमी भरून निघत नाही.

"दर महिन्याला पाच दिवस डॉक्सीसायक्लिन."

डॉक्सी चांगलं औषध आहे, ठरावीक जिवाणूंवर. कँकर हा घशाचा रोग होतो ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीमुळे, कॉक्सिडियाही परजीवी, देवी आणि रानीखेत विषाणूंमुळे. यातल्या एकावरही ते चालत नाही. जिथे चालतं, उदाहरणार्थ ऑर्निथोसिस या जिवाणूजन्य रोगावर, तिथे कोर्स कित्येक आठवड्यांचा असतो. पाच दिवसांत जंतू दबतो, मरत नाही. दर महिन्याला असं दबवत राहिलं की ज्यांच्यावर औषध चालत नाही तेच जंतू ढाबळीत उरतात. आतड्यातले उपयोगी जिवाणू जातात ते वेगळंच, आणि त्यांच्या जागी पोटात बुरशी वाढते.

पाण्यातून दिलेलं औषध मोजूनही मिळत नाही. मे महिन्यात पक्षी जितकं पाणी पितो तितकं गार जुलैत पीत नाही, आणि पिल्लं भरवणारी जोडी दोन्ही ऋतूंत जास्त पिते. शिवाय ग्रिटमधलं (दाणा दळला जावा म्हणून पक्षी खातात त्या बारीक खडीतलं) कॅल्शियम डॉक्सीला बांधून ठेवतं. निदान होऊन कोर्स चालू असेल तर ग्रिट आणि शिंपल्यांची पूड काढून ठेवायला हवी. संदेशात याचा उल्लेखही नाही.

आणखी एक. बहुतेक कबुतरांच्या घशात थोडा ट्रायकोमोनास असतोच. पक्षी दमलेला, कोंदलेल्या जागेतला, खराब दाण्यावरचा असला की तो उसळतो. चोच उघडून घशात पिवळा, चिकटलेला थर दिसला तर त्या पक्ष्याला वेगळं करून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने रोनिडाझोल किंवा मेट्रोनिडाझोल.

"जनावरांची जंताची गोळी द्या."

देऊ नका. गाईगुरांसाठीच्या गोळीत बहुधा अल्बेंडाझोल किंवा फेनबेंडाझोल असतं. ही दोन्ही कबुतरांच्या अस्थिमज्जेला आणि वाढत्या पिसांना मारक ठरतात. पावसाळ्यात पिसं गळून नवी येत असतात, तेव्हाच गोळी दिली तर उडायची पिसं वाकडी, चिरलेली निघतात. आधी विष्ठा तपासा, जंत सापडले तरच पशुवैद्यकाला पक्ष्याचं वजन सांगून औषध घ्या.

"रानीखेतसाठी लसूण-हळद पुरे."

लसूण दिल्याने नुकसान नाही, पण त्याने विषाणू अडत नाही. कबुतरांतलं पॅरामिक्सो हे रानीखेतच्याच विषाणूचं भावंड. आधी पक्षी सतत पाणी पितो आणि विष्ठा पाण्यासारखी होते, मग मान मुरडते, दाण्यावर मारलेली चोच बाजूला पडते. त्यावर औषध नाही. मारलेल्या विषाणूची लस निरोगी पक्ष्याला मानेच्या खालच्या भागात कातडीखाली टोचतात, पिल्लं पाच-सहा आठवड्यांची झाल्यावर आणि मग दर वर्षी. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. दुकानातून बर्फाच्या डब्यात आणा, फ्रीजरमध्ये ठेवू नका. गोठलेली लस टाकूनच द्यायची. लागण झालेल्याला वेगळं ठेवून खोल वाटीत दाणा-पाणी दिलं तर काही पक्षी काही आठवड्यांत सावरतात. देवीचा रोग डासांमुळे पसरतो, म्हणून खाडीकाठच्या वस्त्यांत जाळीवर बारीक मच्छरजाळी लावावीच.

या संदेशात दाण्याबद्दल एक अक्षर नाही, हे आम्हाला सगळ्यात खटकतं. वाशीच्या एपीएमसीतून स्वस्तात पोतंभर मका आणून भिंतीला टेकवून ठेवला की पंधरा दिवसांत कोंब बुरसटतो. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, धुऊन जात नाही आणि भाजूनही पूर्ण नष्ट होत नाही. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. दबला तर परत करा. पावसाळ्यात पंधरवड्यापुरताच आणा, झाकणाच्या पिंपात, विटांवर उचलून ठेवा. एका पक्ष्याला दिवसाला साधारण ३० ग्रॅम, आणि अर्ध्या तासानंतर उरलेला दाणा उचलून टाका, नाहीतर तो रात्री उंदरांना मिळतो. उंदरांमागून साल्मोनेला हा रोगजंतू येतो.

विष्ठा तपासायला द्यायची तर बैठकीखाली रात्री कोरा कागद अंथरा. सलग तीन सकाळी ताजा नमुना घट्ट झाकणाच्या डबीत भरा, त्यावर तारीख आणि पक्ष्याच्या पायातल्या रिंगचा नंबर लिहा. डबी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि तिसऱ्या दिवशीच पोचवा. नवा आणलेला पक्षी त्याचा अहवाल येईपर्यंत, आणि एरवीही किमान तीन आठवडे, ढाबळीत सोडू नका.