जिद्द म्हणे!

निकालाचे दिवस आले की आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो हटकून येतो. डोक्यावर पदर, हातात गुणपत्रक, तोंडात कुणीतरी कोंबलेला पेढा, शेजारी त्याच वर्षी पास झालेला मुलगा आणि वर मथळा: 'जिद्दीला सलाम'. यंदा तो मला तिघांनी पाठवला, कारण मीही त्याच वाटेने गेलेली. १९९७ला बारावी, त्याच उन्हाळ्यात लग्न, आणि १९ वर्षांनी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. पदवी हातात आली तेव्हा चाळिशी गाठली होती.

फोटोतल्या बाईचं मनापासून अभिनंदन. पण 'जिद्द' हा शब्द मला आता खुपायला लागलाय. तो एकदा वापरला की पुढचं काही विचारावंच लागत नाही. पेपरच्या दिवशी त्या घरात भाकरी कोणी थापल्या, हे तर नाहीच नाही.

माझ्या जाऊबाईंनी थापल्या. तीन वर्षं.

आमची संपर्कसत्रं, म्हणजे मुक्त विद्यापीठाचे वर्ग, रविवारी असायची. कागदावर हे फार सोयीचं दिसतं, नोकरदारांना सुट्टीचा दिवस. पण रविवारी सुट्टी नवऱ्याला आणि पोरांना. बाईला त्या दिवशी पाहुणे, मटण, आठवड्याचे राहिलेले कपडे आणि आमच्या गावात वर बाजारही. पहिले दोन रविवार मी गेलेच नाही. तिसऱ्या रविवारी जाऊबाई म्हणाल्या, "तू जा गं, तुमचा स्वयंपाक माझ्याकडे." एवढंच. भाषण नाही, स्टेटस नाही. माझ्या पदवीचं कारण शोधायचं तर ते या वाक्यात आहे. माझ्या मनाच्या कणखरपणाचा त्यात वाटा थोडा.

परीक्षेचं आणखी वेगळं. मे-जून म्हणजे लगीनसराई, कुरडया-पापडांचं वाळवण आणि माहेरपणाला आलेल्या नणंदा. अर्थशास्त्राचा पेपर भाचीच्या हळदीच्या दुसऱ्या दिवशी होता. नखांत हळद तशीच, आणि माझं उत्तरपत्रिकेपेक्षा त्या पिवळ्या डागांकडेच जास्त लक्ष.

लोक विचारतात, "या वयात पाठ होतं का?" पाठ होतं हो. आणि पाठ करायला फार लागतही नाही. कर्ज आणि थकबाकी यावरचं प्रकरण बाकीचे घोकत होते. मी पतसंस्थेत बसून ती थकबाकी रोज फोनवर मागत होते. जड गेला तो हात. १९ वर्षं फक्त भरणा स्लिपा आणि किराणाच्या याद्या लिहिलेला हात सलग तीन तास चालत नाही. पहिल्या वर्षी एका पेपरात उत्तर येत असून वीस मार्कांचं सोडून आले, बोटं वळेचनात. मग रोज रात्री पेपरातला अग्रलेख घड्याळ लावून उतरवून काढायचे. परत शिकायला लागलेल्या कुणालाही मी पहिली हीच गोष्ट सांगते. वाचन नंतर, आधी हात.

आमच्या बॅचला एक एसटी कंडक्टर होते. मुक्कामी गाडी असली की शेवटच्या गावात गाडी लावून, दिव्याखाली बसून विद्यापीठाची पुस्तकं वाचायचे. ती पुस्तकं स्वतःची स्वतः वाचता येतील अशीच लिहिलेली असतात, म्हणून निभायचं. पण ड्यूटी बदलून मिळाली नाही की पेपर बुडायचा. दुसऱ्या वर्षाचे दोन विषय त्यांचे असे राहिले. त्यांच्यात जिद्द कमी होती, असं कुणी म्हणेल का?

शिकणाऱ्याच्या वेळेचा हा प्रश्न आपल्याकडे कुणाला सुचलाच नाही असंही नाही. बाबासाहेबांनी १९४६ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं ते सकाळच्या वर्गांसाठी ओळखलं जायचं. वर्ग करून पोरं कामावर जायची. कॉलेजने कामगाराच्या घड्याळाप्रमाणे वागायचं, ही ती कल्पना. मुंबई विद्यापीठाने १९७१ला पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं. मग १९८९ला नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभं राहिलं, राम ताकवले पहिले कुलगुरू. ब्रीदवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी'. सुंदर आहे. फक्त घरात आलेल्या गंगेने किती वाजता वाहायचं, हे घरचेच ठरवतात.

आणि सगळं करून पदवी आणली की ऐकावं लागतं, "बाहेरून केली का?" बाहेरून! मी इतकी आत, चुलीपाशी बसून केली की काय सांगू. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केलंय. तरी एका मुलाखतीत साहेबांनी माझं प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि तोच प्रश्न विचारला.

नव्या शैक्षणिक धोरणात मला खरंच आवडलेली गोष्ट म्हणजे वर्षभर शिकून थांबलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, आणि मिळवलेली क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक, खात्यात जमा राहतात, साधारण सात वर्षं. बाळंतपणात कॉलेज सुटलेल्या मुलीला याहून कामाची सोय दुसरी नाही. पण जवळच्या एका कॉलेजच्या खिडकीवर मी हे विचारायला गेले तर आतल्या माणसाने मलाच विचारलं, "म्हणजे नक्की काय पाहिजे तुम्हाला?"

त्यातही बायकांची गाडी अडते ती नावावर. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि क्रेडिटचं खातं उघडायला नाव जुळायला हवं. मग विवाह नोंदणीचा दाखला शोधा, नसेल तर राजपत्रात नावबदल छापून आणा. पंचवीस वर्षांपूर्वी मांडवात लग्न लागलेल्या किती जणींकडे तो दाखला असेल? अभ्यास अवघड म्हणून सोडणाऱ्या मी फार पाहिल्या नाहीत. या कागदांपाशी परत फिरलेल्या मात्र पाच-सहा जणी माझ्याच ओळखीच्या आहेत.

तर फोटो पाठवा, सलामही करा, पण नाव घालायला निघालेली बाई शेजारी असेल तर तिच्या रविवारचं काय, तेवढं विचारा.

जाऊबाई यंदा बी.ए.ला नाव घालताहेत, वय ५१. रविवारचा स्वयंपाक आता माझ्याकडे. त्यांच्या दाखल्यावरच्या आणि आधारवरच्या नावात आडनाव सोडाच, एका वेलांटीचाही फरक निघालाय. सोमवारी अर्धी रजा टाकलीये, दोघी तालुक्याला चाललोय.