आम्हाला पुढचा नंबर नको होता

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "वॉटर पार्कला गेलो होतो. पाऊण तास उन्हात उभे होतो आणि एक फॅमिली व्हीलचेअर घेऊन आली ती थेट पुढे. आपणही पैसे भरलेत ना?" खाली चौदा अंगठे. त्यातले पाच-सहा जण माझ्या घरी चहा प्यायलेले आहेत. माझ्या लेकाला तो रांगत होता तेव्हापासून ओळखतात.

ग्रुपवर काही लिहिलं नाही. कुकर लावला, लेकाला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवलं, आणि आता लिहितेय.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, तो अकरा वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्याला हायवेवरच्या एका थीम पार्कला नेलं होतं. महिनाभर कॅलेंडरवर फुल्या मारत होता. पार्कचा नकाशा त्याला पाठ होता, कुठल्या राइडशेजारी कुठली ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचा. पहिल्याच राइडला लोखंडी कठड्यांची नागमोडी रांग, वर पत्रा, डोक्यावर स्पीकर, मागच्या माणसाची सॅक सारखी पाठीला लागतेय. वीस मिनिटं त्याने काढली. वरचे पंखे मोजले. नऊ होते. परत मोजले. मग दोन्ही कानांवर हात ठेवून खालीच बसला.

मी गेटवरच्या मुलाला म्हटलं, "दादा, आम्ही बाहेर त्या झाडाखाली थांबतो. आमचा नंबर येईल तेव्हा हाक मारा. आधी सोडू नका." त्याने लेकाकडे बघितलं. "दिसायला तर नॉर्मल आहे, मॅडम."

मी पर्समधून यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, काढलं. पिवळा पट्टा, म्हणजे अपंगत्व चाळीस टक्के किंवा जास्त, पण ऐंशीच्या आत. त्या कार्डासाठी किती सकाळी हॉस्पिटलच्या बाकावर काढल्यात ते मलाच ठाऊक. त्याने ते उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. "हे आमच्याकडे नाही चालत. व्हीलचेअर असेल तर बघतो."

नाही चालत! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत, जुन्या कायद्यात सात होती. ऑटिझम त्या एकवीसमध्ये आहे. सेवा सरकारी असो की खासगी, ती सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येईल अशी, असली पाहिजे असं त्याच कायद्यात लिहिलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारला सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीसारखे ठेवू नका, बंधनकारक करा. आणि इकडे हजारोंचं तिकीट विकणाऱ्यांच्या गेटवर त्या कार्डाला किंमत नाही.

त्या मुलावर माझा राग नाही, हे टाइप करताना जाणवतंय. विशीचा असेल, सकाळपासून उन्हात उभा. त्याला कुणी सांगितलेलंच नाही की असंही एक मूल येईल. ज्यांनी सांगायला हवं होतं ते एसीत बसून कॉम्बो ऑफर ठरवतात.

अमेरिकेत डिस्नेच्या पार्कमध्ये याची एक पद्धत आहे. अशा मुलाला पुढे घुसवत नाहीत. रांग पन्नास मिनिटांची असेल तर साधारण तेवढ्याच वेळाने परत या म्हणतात, तोवर सावलीत बसा, काही खा, फिरा. थांबायचं तेवढंच, फक्त त्या कठड्यांच्या आत नाही. मी यापेक्षा वेगळं काय मागत होते?

हो, लोक गैरफायदा घेतात. डिस्नेची ही पद्धत ऑक्टोबर २०१३ मध्ये आली ती त्याचमुळे. त्याआधी दिव्यांगांना रांगेत सवलत देणारं कार्ड होतं, त्याचा फायदा घ्यायला पैसेवाली माणसं दिव्यांग गाइड भाड्याने घेत होती. २०२४ मध्ये त्यांनी नियम आणखी आवळले, मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अपंगत्वासाठीच ठेवले, आणि त्यात खरी गरज असलेलेही काही जण बाहेर पडले म्हणून तिथे ओरड झाली. मान्य. काही राइडवर सुरक्षेसाठी कुणाला बसू देत नाहीत, तेही मान्य. पण लबाडी धडधाकट माणसांनी करायची आणि पुरावे माझ्या लेकाने देत फिरायचं?

आणि त्या व्हीलचेअरवाल्या कुटुंबाबद्दल. ज्यांनी अंगठे दिले त्यांनी बघितलं का, त्यांना किती राइडवर बसता आलं? कुठे पायऱ्या, कुठे खुर्चीतून उचलून सीटवर ठेवायचं, तेही शंभर लोकांच्या देखत. तुमची पंधरा मिनिटं गेली असतील. त्यांनी घरातून निघताना काय काय उचललं असेल ते मला माहीत आहे.

"त्याला रांगेत थांबायची सवय लावा" असं आमच्या नात्यातल्याच एका काकूंनी सांगितलं होतं. काकू, तो थांबतो. पेशवे पार्कात फुलराणीसाठी, त्या मुलांच्या छोट्या आगगाडीसाठी, अर्धा तास थांबतो, कारण गाडी समोर दिसते, गोल फिरून परत येते, आता आणखी किती फेऱ्या ते त्याला मोजता येतं. त्या पत्र्याखाली पुढचं काहीच दिसत नव्हतं. मोजायला फक्त नऊ पंखे.

शेवटी आम्ही त्या राइडवर बसलोच नाही. रांगेतून उलटं बाहेर पडताना लोकांना "जरा जाऊ द्या" म्हणत आलो. कुणीतरी "मुलं सांभाळता येत नाहीत" म्हणालं, नवऱ्याने ऐकलं, मला ते रात्री सांगितलं. झाडू मारणाऱ्या एका मावशींनी काही न विचारता पाण्याच्या टाकीमागची सावली दाखवली आणि स्वतःचं स्टूल दिलं. तिथे पाऊण तास बसलो. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "आई, पुढच्या वेळी मी शांत राहीन."

अकरा वर्षांचं पोर माफी मागत होतं.

आता मे महिन्यात परत जायचंय म्हणतोय. मी पार्कच्या नंबरवर फोन केला, "तुम्ही या, मग बघू" म्हणाले. परवा रात्री पाणी प्यायला उठले तर पॅसेजमध्ये दिवा चालू. तो भिंतीला लागून सरळ उभा, हातात माझा मोबाइल, त्यावर टायमर. म्हणाला, "रांगेची प्रॅक्टिस. बावीस मिनिटं झाली."

मी त्याला झोपायला नेलं नाही. शेजारी उभी राहिले. तीस झाल्यावर तो स्वतःच गेला.

पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा कुठल्या पार्कमध्ये तुम्हाला असा अनुभव आला असेल की गेटवरच्या माणसाने कार्ड बघितलं आणि ऐकून घेतलं, तर कृपया इथे लिहा. मे महिन्याआधी हवंय.