संगणकाचा सातबारा आपल्या नावावर कसा करावा

जमिनीचा सातबारा नावावर करायचा तर तलाठ्याचे उंबरठे झिजवावे लागतात. अख्ख्या संगणकाचा सातबारा, म्हणजे त्याच्या शोधाचं पेटंट, नावावर करायचं असेल तर इतका त्रास नाही. अमेरिकेत ही वाट एकदा तुडवून झालेली आहे, तुम्ही फक्त मागोमाग चाला.

सुरुवात पाहुणचारापासून करा. जून 1941 मध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जॉन मॉकली आयोवातल्या एम्स गावी तिथल्या कॉलेजातले प्राध्यापक जॉन अटॅनासॉफ यांच्याकडे जाऊन राहिले, तसे चार-पाच दिवस राहा. कॉलेजच्या तळघरात यजमानांचं यंत्र आहे. सुमारे 300 व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या, आणि आकडे लक्षात ठेवायला आत विजेचा भार साठवणारे कंडेन्सर बसवलेले दोन फिरते ड्रम. कंडेन्सरमधला भार गळत राहतो, म्हणून ड्रम फिरता फिरता तो पुन्हा पुन्हा भरत राहायचा. ही युक्ती नीट पाहून घ्या, आजच्या संगणकांच्या डीरॅम स्मृतीमध्येही ती निराळ्या वेषात नांदते आहे. यंत्राचं काम 29 समीकरणं सोडवण्याचं. पण मधली उत्तरं ठिणगीने कार्ड जाळून नोंदवायची, त्यात अधूनमधून चूक होते, आणि एवढ्या लांब गणिताला एक चूक पुरते. हा दोष वहीत टिपून ठेवा. तीस वर्षांनी ‘ते यंत्र धड चालतच नव्हतं’ असं म्हणायला तोच कामी येईल.

घरी परतल्यावर मात्र पत्र लिहू नका. मॉकलींनी सप्टेंबर 1941 मध्ये लिहिलं: तुमच्या यंत्रातल्या काही गोष्टी घेऊन मी एक यंत्र बांधलं तर तुमची हरकत आहे का? सभ्यपणाच्या असल्या खोडी कोर्टात फार महाग पडतात.

तुम्ही यजमानांच्या जागी असाल तर काम आणखी हलकं. कागद शिकागोच्या वकिलाकडे द्या, पेटंटच्या अर्जाचं कॉलेजवर सोडा आणि युद्धाच्या कामाला वॉशिंग्टनला निघून जा. तो अर्ज कधीच दाखल होत नाही.

आता कॅलेंडर. शोध छापला गेला किंवा सार्वजनिक वापरात आला की वर्षाच्या आत अर्ज करायचा, असा तिकडचा तेव्हाचा नियम. मॉकली आणि त्यांचे जोडीदार एकर्ट यांनी आपल्या एनिॲक या संगणकाचा अर्ज केला 26 जून 1947 रोजी. म्हणजे 26 जून 1946 च्या आधी यंत्र कामाला लागलेलं नसावं, एवढीच अट. तुम्ही डिसेंबर 1945 मध्येच त्यावर लॉस अलामॉस या अण्वस्त्र प्रयोगशाळेचं हायड्रोजन बॉम्बचं गणित चालवायला घ्या. फेब्रुवारी 1946 मध्ये पत्रकार बोलावून थाटात उद्घाटन करा. त्याही आधी, 1945 च्या उन्हाळ्यात, गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी लिहिलेला एडव्हॅकचा, म्हणजे एनिॲकनंतरच्या यंत्राचा, मसुदा प्रकल्पातल्या हर्मन गोल्डस्टाइन यांना लोकांत वाटू द्या, म्हणजे शोध छापल्यातच जमा. पुढे कोणी विचारलंच तर बॉम्बचं गणित ही ‘चाचणी’ होती म्हणा. न्यायाधीश ऐकून घेतात, मानत नाहीत.

अर्ज पडून राहिला म्हणून हळहळू नका, कमाई तिथेच आहे. पेटंटची 17 वर्षं मंजुरीपासून मोजली जात. 1947 साली संगणक विकत घेणारं गिऱ्हाईक कुठे होतं? पेटंट हाती आलं 4 फेब्रुवारी 1964 रोजी, तोवर कापायला पीक उभं राहिलेलं. आणि तोवर हात बांधून बसायलाही नको. हक्क तोपर्यंत स्पेरी रँड या कंपनीकडे गेले होते, त्यांनी 1956 मध्येच आयबीएमशी परवान्यांची देवाणघेवाण ठरवून 1 कोटी डॉलरचा करार केला. पेटंट मंजूर नसतानाच. मोठ्याशी आधी गुपचूप मिटवायचं आणि मग धाकट्यांकडे वसुलीला जायचं, हा क्रम चुकवू नका.

धाकट्यांपैकी हनीवेल कंपनीकडे आधी 25 कोटी डॉलर मागा, मग 2 कोटींवर या. मंडईतली घासाघीस याहून सावध असते. इतकी उतरलेली किंमत पाहून समोरचा पाकिटाऐवजी वकील काढतो. 26 मे 1967 रोजी दोघांनीही दावे ठोकले, हनीवेलने काही मिनिटं आधी, मिनियापोलिसमध्ये. ती मिनिटं हलकी समजू नका. खटला त्यांच्याच गावात चालला: 135 दिवस, 77 साक्षीदार प्रत्यक्ष कोर्टात, आणि साक्षींची 20,667 पानं.

19 ऑक्टोबर 1973 रोजी न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी पेटंट रद्द केलं. कारणं तीच: वर्षाची मुदत टळलेली, आणि स्वयंचलित इलेक्ट्रॉनिक अंकीय संगणकाची कल्पना अटॅनासॉफ यांच्याकडून आलेली. आयबीएमबरोबरचा 1956 चा करार स्पर्धाविरोधी ठरला, पण त्यापायी हनीवेलला भरपाई मिळाली नाही. तिथे दावा करायची त्यांचीच मुदत टळली होती. स्पेरीने अपील केलं नाही. निकालाची तारीखही सोयीची निघाली. दुसऱ्याच दिवशी वॉटरगेट या राजकीय घोटाळ्याच्या चौकशीतून विशेष वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांची हकालपट्टी झाली, मग वर्तमानपत्रात संगणकाचा बाप कोण हे शोधत बसायला कोणाला वेळ होता?

यजमानांना शेवटची सूचना. तळघरातली जागा हवी म्हणून कॉलेज 1948 मध्ये तुमचं यंत्र मोडेल, तुम्हाला न विचारता. त्या गडबडीत एक ड्रम तेवढा वाचेल. 1997 साली त्याच यंत्राची प्रतिकृती बांधायला 3,50,000 डॉलर लागले.