आई-बाबांच्या हातातली कामं काढून घेऊ नका

‘आता तुम्ही फक्त आराम करा.’ घरातल्या वयस्कर माणसांना आपण हे किती प्रेमाने सांगतो. आणि नुसतं सांगून थांबत नाही. दूध ॲपवरून मागवतो, भाजी निवडून-चिरून पाकिटातली आणतो, लाइटबिल मुलगा बंगळुरूत बसून भरतो, पासबुक भरायला कोणी जात नाही कारण सगळं मोबाइलवर दिसतं. हे सगळं मायेपोटीच होतं, याबद्दल मला शंका नाही. पण मला आज अगदी कळकळीने सांगायचंय की ही जी कामं आपण एकेक करून त्यांच्या हातून काढून घेतो, त्यांच्यावरच त्यांचा दिवस उभा असतो.

माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. आमच्या घरचं दूध तेच आणतात. सकाळी सातच्या सुमाराला जिना उतरतात, कोपऱ्यावरच्या डेअरीतून दोन पिशव्या घेतात आणि परत येतात. अंतर पाच मिनिटांचं, पण यायला पाऊण तास लागतो, कारण वाटेत कट्टा आहे आणि कट्ट्यावर त्यांची माणसं आहेत. माझा भाऊ परदेशात असतो. तो दर फोनला म्हणतो, ‘अगं, बाबांना कशाला पाठवतेस, मी इथून ॲपवर लावून देतो.’ मी दर वेळी नाही म्हणते. पुष्कळ घरांत हाच संवाद चालतो हे मला माहीत आहे, म्हणून माझं ‘नाही’ कशासाठी आहे ते जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट उजेडाची. आपल्या शरीरात झोप-जाग, भूक, ताप-थंडावा सांभाळणारं एक घड्याळ असतं. ते पेशींच्या आत कसं चालतं हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. हे घड्याळ काटेकोर २४ तासांचं नसतं. बहुतेकांचं थोडं मागे पडत जातं, आणि ते रोज पुन्हा जुळवून घ्यायला सकाळचा उजेड लागतो. घरात ट्यूबलाइटखाली फार तर काहीशे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) प्रकाश मिळतो, बाहेर आभाळ भरून आलेलं असलं तरी तो हजारांत असतो. त्यात वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि या घड्याळाला लागणारा निळसर प्रकाश आत कमी पोचतो. म्हणजे बाहेरच्या उजेडाची ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच आपण पडदे ओढलेल्या हॉलमध्ये टीव्हीपुढे बसवतो. मग दुपारभर डुलक्या, रात्री दोनला टक्क जाग, आणि पुढे झोपेच्या गोळीसाठी डॉक्टरांकडे फेरी.

दुसरी गोष्ट पायांची. २००७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. धडधाकट, चालत्या-फिरत्या ज्येष्ठांना दहा दिवस नुसतं अंथरुणात झोपवून ठेवलं. एवढ्या दिवसांत त्यांच्या पायांमधला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. आजार नाही, दुखापत नाही, नुसती विश्रांती! तरुण माणूस गमावलेला स्नायू पुन्हा कमावतो, ऐंशीच्या घरातल्या माणसाला ते फार अवघड जातं. जिन्याच्या पायऱ्या, रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली, फुलं वेचायला खाली वाकणं, माळ्यावरचा डबा काढायला न सांगता हात वर करणं, हाच त्यांचा व्यायाम. तो काढून घेतला तर सहा महिन्यांनी फिजिओथेरपिस्ट घरी बोलवावा लागतो आणि तो तेच सगळं पैसे घेऊन करायला सांगतो. (फिजिओथेरपिस्ट मंडळींबद्दल मला आदर आहे. तेही हेच म्हणतात.)

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अमेरिकेत पिट्सबर्गला एलन फ्रँक नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत. बायपोलर आजार, म्हणजे मन कधी अतिउत्साहात तर कधी खोल उदासीत जाणारा आजार, असलेल्या लोकांसाठी त्यांनी एक उपचारपद्धती बसवली. त्यात औषधांच्या जोडीला रुग्णाच्या दिवसातल्या पाच वेळा टिपून ठेवतात आणि त्या शक्य तितक्या स्थिर करतात. उठण्याची वेळ, दुसऱ्या माणसाशी पहिल्यांदा संबंध येण्याची वेळ, काम सुरू करण्याची, रात्रीच्या जेवणाची आणि झोपण्याची. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दुसऱ्या वेळेपाशी थांबले. इतक्या गंभीर आजाराच्या उपचारात, दिवसातलं पहिलं माणूस कधी भेटलं याची नोंद ठेवतात. बाबांना ते सातला भेटतं. डेअरीवाला विचारतो, ‘काका, गुडघा कसा आहे?’ ॲपवाला मुलगा पिशवी दाराला अडकवून निघून जातो, त्यालाही बिचाऱ्याला थांबायची सवड नसते.

आणि दूध आल्याशिवाय आमच्या घरात चहा होत नाही. घर त्यांची वाट बघतं, आणि हे त्यांना माहीत असतं.

१९७६ मध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघी मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात केलेलं काम इथे सांगायलाच हवं. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमच्या खोलीचे आणि वेळेचे निर्णय तुम्हीच घ्या, आणि हे रोप घ्या, याची काळजीही तुमची. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोप दिलं, पण पाणी नर्स घालतील असं सांगितलं. तीन आठवड्यांनी पाहिलं तर पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हसतीखेळती, जास्त सावध, जास्त मिसळणारी झाली होती. रोप दोन्हीकडे होतं. आपल्याकडे किती घरांत तुळस आजीची आणि पाणी कामवाल्या मावशींचं अशी वाटणी झाली आहे, बघा जरा.

माझी आत्या मिरजेला राहायची. पहाटे सडा, रांगोळी, मग देवपूजा, दुपारी वाती वळणं, संध्याकाळी दिवेलागणीला शेजारच्या मुलांकडून परवचा म्हणून घेणं. काका गेल्यावर मुलाने तिला पुण्याला नेलं. फ्लॅट छान, स्वतंत्र खोली, स्वयंपाकाला बाई, वर देखरेखीला बाई. काही महिन्यांत आत्या बोलेनाशी झाली. तारीख विचारली की गोंधळायची, जेवणावरची वासना गेली. तपासण्या झाल्या, व्हिटॅमिनची कमतरता निघाली, गोळ्या सुरू झाल्या. पण खरा फरक पडला तो तिच्या सुनेने एक दिवस लसणाची परडी तिच्यापुढे ठेवली तेव्हापासून. ‘आत्या, हे तुमच्याकडे. रोज.’ मग शेंगा सोलणं आलं, कपड्यांच्या घड्या आल्या, दारापुढे ठिपक्यांची छोटी रांगोळी आली. एका लसणाने सगळं बरं झालं असं मी म्हणत नाही, व्हिटॅमिनचाही वाटा असेलच. पण सकाळी उठायला कारण मिळालं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

हे फक्त आमच्या घरापुरतं नाही. आपल्या शेजारी गोव्यात साठीच्या पुढच्या १८१ लोकांवर एक अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसं उदास होती, पण नैराश्याचा पुरता आजार अजून जडला नव्हता. निम्म्यांकडे स्थानिक, प्रशिक्षण दिलेले, पण डॉक्टर नसलेले समुपदेशक गेले. त्यांनी काय दिलं? रोजच्या अडचणी एकेक करून सोडवायला मदत, झोपण्या-उठण्याची घडी बसवणं, मधुमेहासारख्या आजारात स्वतःची काळजी कशी घ्यायची ते. वर्षभरात या गटात नैराश्य जडलेल्यांचं प्रमाण ४.४ टक्के राहिलं, दुसऱ्या गटात ते १४.४ टक्के होतं. महागडं यंत्र नाही, नवं औषध नाही. ही बातमी घराघरांत पोचायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

आता कोणी म्हणेल, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना राबवायचं का? अजिबात नाही, आणि इथे बायकांच्या बाबतीत फार जपून बोललं पाहिजे. पुरुष साठीला सुटतो, बाईला रिटायरमेंटच नसते. सत्तरीतल्या आजीवर दोन नातवंडं, त्यांचे डबे आणि सगळ्या घराचा स्वयंपाक टाकायचा आणि वर ‘तेवढाच त्यांचा वेळ जातो’ म्हणायचं, हा अन्याय आहे. मी बोलते आहे ते त्यांचं स्वतःचं असलेल्या, त्यांनी निवडलेल्या, त्यांच्या गतीने होणाऱ्या कामाबद्दल. फरक ओळखायला सोपा आहे. ते काम एक दिवस नाही केलं तर त्यांना कोणी बोलत नाही, पण त्यांना स्वतःला चुकल्यासारखं वाटतं.

धोक्याची कामं काढावीच लागतात. पडझड झाली असेल, गॅस चालू राहत असेल, तर हट्ट धरू नये. पण काढताना काम बदलून द्या, रिकामं करू नका. गॅस नको तर भाजी निवडणं द्या. एकट्याने बँकेत जाणं जमत नसेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला सोबत घेऊन जा, खिडकीपाशी त्यांनाच उभं राहू द्या, सही त्यांनाच सावकाश करू द्या. स्मृतिभ्रंश सुरू झालेल्या माणसांच्या बाबतीत तर हे अधिकच खरं आहे. नावं आणि कालचे प्रसंग आधी जातात, हातांनी वर्षानुवर्षं केलेलं काम पुष्कळ उशिरापर्यंत टिकतं. ज्यांना नातवाचं नाव आठवत नाही त्या आजी वात मात्र बिनचूक वळतात. त्या वेळी त्यांना ‘राहू द्या’ म्हणू नका.

आणि ब्युरोतून सांभाळायला बाई ठेवणार असाल तर एक गोष्ट पहिल्याच दिवशी तिच्याशी बोलून ठरवा. ती बिचारी प्रामाणिकपणे सगळं भराभर उरकते, कारण तिला वाटतं तिचं काम तेच आहे. तिला सांगा की आजींची वेणी आजीच घालतील, बाबांच्या शर्टाची बटणं बाबाच लावतील, चहाचा कप ते स्वतः उचलून मोरीत नेतील, तुम्ही फक्त जवळ उभ्या राहा. त्याला वेळ लागेल, सांडेल, लागू द्या आणि सांडू द्या, आणि या उशिरासाठी तुम्हाला कोणी कधी रागावणार नाही.